दार कोणाला उघडावे

मी, कपबशांच्या कारखान्यातली तपासनीस, वय एकसष्ट, डोके ठिकाणावर आणि उजवा कान शाबूत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर निव्वळ धास्तीपोटी हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

राहते घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते माझ्या मुलाचे. जाऊबाईंनी नेलेले शिलाई मशीन त्यांच्याकडेच राहू द्यावे. सुई वाकडी आहे, त्यांना शोभते.

कारखान्यावर माझा राग नाही, असे लिहिणार होते. पण आहे. साहेबांनी माणसांची वर्गवारी केली. भट्टीवाले कंत्राटी, पॅकिंगवाले रोजंदारीवर, आणि ज्यांचे कसब बाजारात मिळत नाही असे दोघेच कायम: रंगवाले काका आणि मी. "असं कसब एकाच माणसात ठेवणं कंपनीला परवडत नाही हो," साहेब हसत म्हणाले आणि आम्हा दोघांशेजारी एकेक माणूस आणून बसवला. माझ्याजवळ बसली तिला मी सावली म्हणायचे. कपाला टिचकी मारून न दिसणारा तडा कसा ऐकायचा, ते तिला मीच शिकवले. उजवा कान पुढे करणे शिकवले नव्हते, तेही तिने उचलले. मग माझा खोकला उचलला.

काका वारले त्या संध्याकाळी त्यांचा शिकाऊ त्यांच्या घरी गेला. काकू त्याला म्हणाल्या, "उशीर केलात, हातपाय धुऊन घ्या." तो अजून तिथेच आहे.

म्हणून मुलास सूचना: मी गेल्यावर कोणी माझ्या आवाजात हाक मारली, तर दार उघडू नकोस. तुझा आवाज जरा तडकला तरी मला एका शब्दात कळतो. ते मी तिला शिकवलेले नाही. ओळख त्यावरून पटव.

परवा सावली घरी आली असताना तुझा फोन आला. स्पीकर चालू होता. तू नुसते "आई" म्हणालास. मला त्यात काहीच ऐकू आले नाही. ती मात्र पटकन म्हणाली, "काय झालं रे? रडलास का?" आणि तू हमसून रडायला लागलास.

तेव्हा वरची सूचना रद्द. दार उघड. तुझे रडणे ओळखणारे कोणीतरी घरात असावे. फक्त तिला आई म्हणू नकोस, एवढे माझे ऐक.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: निवृत्तीच्या आदला दिवस.
सही: तपासनीस

साक्षीदार १, खालच्या मजल्यावरचे शिंपी: सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २, शेजारचे डॉक्टर: बाईंना मी कित्येक वर्षे ओळखतो. त्यांनी पूर्ण शुद्धीत सही केली. त्यांच्याजवळ बसून रडणाऱ्या वयस्कर बाई कोण, ते विचारायचे राहून गेले.