हलगीवर चालणारा ठेंगू

४ डिसेंबर
कंबर धरली आहे. सकाळी ह्यांना पलंगावरून उठवताना. फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, पाय अजून चांगले आहेत. बसून राहिले तर जातील." कंपवात माणसाला जागीच खिळवतो हे पुस्तकात वाचलेलं. घरात बघणं वेगळं. पलंगापासून दोन पावलं बरी पडतात, मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आले की तळवे जमिनीला चिकटतात. मी ओढते. हे ओरडतात.
लेकीचं, मृणालचं, घरून काम १ जानेवारीपासून बंद. पुण्याला हजर व्हायचं. तोवर ह्यांना एकट्यानं उंबरा ओलांडता आला पाहिजे. मला एकटीला हे उचलणार नाहीत. इथं लिहिते, कारण बोलून दाखवलं की पोरगी रडते.

७ डिसेंबर
ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मृ. हॉलमधल्या टीव्हीवर गेम लावते. खेळत नाही. लेव्हल बांधते. आज विचारलंच. म्हणाली, लेव्हल सुरू केली की रिमोट खाली ठेवायचा, काही दाबायचं नाही. ठेंगू म्हणून एक बुटका गडी आहे, तो सरकत्या पट्ट्यावरून आपला चालत जातो, स्प्रिंगवर उडतो, ठोकळ्यांवर आपटतो. प्रत्येक आपटण्याचा एक आवाज, सगळे मिळून गाणं. जगभरची माणसं अशा लेव्हली बांधून एकमेकांना दाखवतात म्हणे.
"खेळायचंच नाही तर खेळ कसला?"
"बघायचा, आई."
अठ्ठावीस वर्षांची घोडी. पण बांधते मात्र नेटकं. एक ठोकळा जरा सरकला की सगळं गाणं फसतं, मग पुन्हा पहिल्यापासून. एवढी चिकाटी भाकरी थापताना दाखवली असती तर...

९ डिसेंबर
पलंगावरून ह्यांना दारातून टीव्ही दिसतो. आज ठेंगूच्या पावलाबरोबर ह्यांची टाच हलत होती. मी दोनदा बघितलं. फिजिओला फोन. ती म्हणाली, ठेक्यावर पुष्कळांचे पाय सुटतात, करून बघा.
मोबाईलवर एक भावगीत लावलं. हे ढिम्म. म्हणाले,
"गाण्यावर कोण चालतंय व्हय? तो गडी चालालाय म्हणून पाय हलला. तुझं नुसतं चला चला, चला चला."
बरं.

१० डिसेंबर
मृ.नं विचारलं, "आप्पा, तुमच्यासाठी कुठलं गाणं बांधू?"
"हलगी."
पेठेतल्या तालमीचं लेझीम ह्यांनी कितीतरी वर्षं पुढं उभं राहून चालवलं. हलगी कडाडली की हे जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. बापलेक दोघं खूश. मीही मान हलवली. ह्या गावात हलगीला नको कोण म्हणतंय?

१५ डिसेंबर
लेव्हल तयार. हलगी अगदी तालमीची, तोच जोर. ठेंगू पळतच सुटतो.
हे उठले. माझा हात झटकला. उंबऱ्याशी थांबलेच नाहीत. मृ. टाळ्या वाजवत होती. मग पावलं आखूड झाली, आणखी भराभर, मागून कुणी ढकलावं तशी, आणि हॉलच्या मध्यावर तोंडावर पडले. कोपर सुजलं, ओठ फुटला. हाड शाबूत.
टीव्हीवर हलगी चालूच. कुणाला बंद करायचं सुचेना.

१६ डिसेंबर
फिजिओ चिडली. "हलगी? काकू, ह्या आजारात पावलं आपोआप पळत सुटतात. ठेका संथ हवा." हे फोनवर सांगायचं राहिलं तिचं, की माझं ऐकायचं राहिलं, कोण जाणे. थकवा आला की ऐकलेलं टिकत नाही.
मृ.नं लेव्हल पुसून टाकली. दार लावून बसली. दार वाजवून सांगितलं, रडायचं नंतर, आधी संथ बांध.

२० डिसेंबर
संथ हलगी. पट्टाही संथ. ह्यांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.
"ही हलगी व्हय? वाजवणाऱ्याला ताप आलाय काय?"
तरी उठले. उंबऱ्याशी खिळले. ठेंगू पुढं निघून गेला, गाणं संपलं. मी धरून परत बसवलं. कंबर.

२३ डिसेंबर
रोज तेच. आज हे मृ.ला म्हणाले, "मी आडाकतो तवा त्यो फुडं जातोय की गं. थांबत न्हाय." रागानं नव्हे. तक्रार पण नाही म्हणता येणार.
मृ.नं रिमोट उचलला. टीव्ही लावून बसली.

२७ डिसेंबर
नवी लेव्हल. मध्ये एक उंबरा केलाय. ठेंगू तिथं येतो आणि अडकतो. हलगी हळू वाजत राहते, हा उभाच. बऱ्याच वेळानं एक दगड खाली पडतो, पट्टा सुरू होतो, मग पाऊल.
"किती वेळ उभा ठेवू ते कळेना, आई."
"मलाही नाही कळत."
हे बघत राहिले. "आता जमंल," म्हणाले. पण उठले नाहीत. दमले होते.

२९ डिसेंबर
मृ.नं ती लेव्हल सगळ्यांसाठी टाकली. कुठल्या कुठल्या देशातली माणसं लिहितात, मध्येच बंद पडते, दुरुस्त कर. ह्यांना वाचून दाखवलं.
"त्यास्नी म्हणावं, घाई हाय तर चालत जावा."
मृ. खूप दिवसांनी हसली. मीही, थोडी.
आज उंबऱ्यात एक पाय पलीकडे पडला होता. दुसरा आला नाही.

१ जानेवारी
मृ. गेली. जाताना टीव्हीचं सगळं मला दाखवलं, कुठलं बटण, कुठली लेव्हल. दिवसरात्रीसाठी एखादी बाई ठेवावी का, तेही बोलून झालं. हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. ऐकत होते.

२ जानेवारी
दुपारी हे स्वतःहून म्हणाले, "लाव."
लावली. मी हॉलमध्ये, खुर्चीवर. उठले, दोन पावलं, उंबरा. ठेंगू अडकला, हेही. दगड पडला. ठेंगू गेला. हे उभे. चौकट धरलेली, नजर पायाकडे नाही, टीव्हीकडे.
"बसता का जरा?"
"न्हाय. हितंच बरा हाय. फिरून लाव."
लावते.