लीनाला ताप आहे

रेड क्लिफ्स,
सोमवार, ७ मार्च

प्रिय कुंपारे केव्हिन,

आठ महिन्यांत तुझ्याकडे फिरकलो नाही आणि आता एकदम पत्र. म्हणशील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खरंच आहे. पायी वीस मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला पत्र लिहायला डोकं फिरलेलंच असावं लागतं. पण समोर बसून हे बोलायला गेलो असतो, तर तिसऱ्या वाक्याला तू झोपला असतास आणि चौथ्या वाक्याला मी विषय बदलला असता. आपली दोघांचीही जन्माची खोड.

शनिवारी तुझी लेक शेरिल आली होती. चहा घेतला नाही, नुसतीच खुर्चीच्या कडेला टेकली. तिनं सांगितलं ते असं. तिथे वृद्धाश्रमात मेरेओनी म्हणून एक फिजीची बाई तुझं सगळं बघते. तुला अंघोळ घालते, भरवते. तिला तू जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं हाक मारतोस, ‘ए वॉग! मेलास का रे? किती उशीर!’ कित्येक महिने तिनं ऐकून घेतलं. शेवटी तिनं तक्रार केली. आता शुक्रवारी बैठक आहे. त्यात ठरणार, तुला इथे ठेवायचं की बेंडिगोला, कुलूपबंद विभागात पाठवायचं. बेंडिगो म्हणजे चारशे किलोमीटर. तुझ्या शेरिलला तिथे महिन्यातून एकदा जाणं जमेल. मला तेही नाही.

शेरिल म्हणाली, ‘रोक्को काका, मेट्रनला चार ओळी लिहून द्या ना. तो शब्द तुमच्यात गमतीचा होता, तुम्हाला कधी लागला नाही, एवढंच. तुमचं ऐकतील ते. तुम्ही स्वतःच तर...’ आणि पुढचा शब्द तिनं गिळला. मग मीच पुरा केला. मी स्वतःच तर वॉग, इटलीहून आलेला. ती लाल झाली. जाता जाता म्हणाली, ‘ती तर फिजीची. तिला तो शब्द लागूसुद्धा पडत नाही.’ आता शिव्या काय नाव-गाव विचारून लागतात?

तिनं आणून दिलेला कोरा कागद दोन दिवस टेबलावर पडून आहे. चार ओळी काही सुचल्या नाहीत. मग हा दुसरा कागद घेतला.

खरं सांगू का, मला हल्ली काहीच वाटत नाही. माझी बायको, अस्सुंता, गेली त्याला आठ महिने झाले आणि मी अजून रडलेलो नाही. लोकांना वाटतं, काय धीराचा माणूस. धीर कसला? दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसा मी सगळाच माझा वाटत नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, कोंबड्यांना दाणे घालतो. परवा अंगणात उभा राहिलो, टोमॅटोचा दिवस, वर्षभराचा रस बाटल्यांत भरायचा, तोंडावर आलाय म्हणून. ड्रम शेडमागे पालथा आहे. तो उलटा करायला हात लावला आणि तसाच परत घरात आलो. त्याचं वाईटही वाटलं नाही. त्यामुळे आता जे लिहितोय ते रागानं लिहितोय असं समजू नकोस. राग यायलासुद्धा जीव लागतो.

तुला माहीत असलेल्याच गोष्टी सांगतोय, पण ऐक. आम्ही इटलीतल्या कालाब्रियाहून जहाजानं आलो तेव्हा या गावात आमच्यासारख्यांना एकच नाव होतं. इटलीचा असो की ग्रीसचा, काळे केस आणि डब्यात लसूण असला की तो वॉग. बेदाण्याच्या शेडमध्ये मुकादम तो शब्द थुंकल्यासारखा वापरायचा. आम्ही शेडमागे, पेट्यांच्या आडोशाला जेवायचो, कारण आमच्या डब्यांचा वास गोऱ्यांना सोसत नसे. एके दुपारी तू तिथे आलास. लाल मानेचा, हडकुळा, हातात जॅम-पाव. म्हणालास, ‘सरक रे वॉग. काय आणलंयस डब्यात?’ आणि माझ्या आईनं भरलेलं वांगं अर्धं खाऊन टाकलंस. त्याच शब्दानं आदल्या तासाला मुकादमानं मला जनावर केलं होतं. तुझ्या तोंडून तोच शब्द ऐकला आणि वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं, चला, इथे आपलं कुणीतरी आहे. हे मी खोटं म्हणणार नाही. शुक्रवारी विचारलं तरी म्हणणार नाही.

पुढच्याच महिन्यात मुकादमानं माझ्या पाठीत खोऱ्याचा दांडा घातला. ‘चल वॉग, हात चालव!’ तू पेटी खाली ठेवलीस, शांतपणे त्याच्याकडे गेलास आणि त्याचा दात पाडलास. वर म्हणालास, ‘त्याला वॉग मी म्हणणार. तू नाही.’ तुझी नोकरी गेली. पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवलं. माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं, माझ्या सख्ख्या भावानंही नाही. म्हणून तर लीना झाली तेव्हा तिला बाप्तिस्म्याला हातावर घ्यायला मी भावाला नाही, तुला बोलावलं. तेव्हापासून तू माझा कुंपारे. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वरचं. तू चर्चमध्ये इतका थरथरत होतास की पाद्री म्हणाला, पोरगी पाण्यात पडेल.

आणि टोमॅटोचे दिवस! दर मार्चमध्ये, द्राक्षं उतरली की, उजाडता उजाडता तुझी गाडी फाटकाशी. ‘काय रे वॉग्ज, पेटला का ड्रम?’ तुझ्या उजव्या हातावर कोपराखाली तो पांढरा, वाकडा व्रण आहे ना, तो पहिल्या वर्षीचा. भरलेल्या बाटल्या ड्रममध्ये उकळल्या की तशाच पाण्यात रात्रभर निवू द्यायच्या, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुला घाई. गरम बाटली उचलून वाऱ्यात धरलीस आणि ती फुटली. रस कुठला आणि रक्त कुठलं कळेना. अस्सुंतानं लग्नातला टेबलक्लॉथ फाडून तुझा हात बांधला. तू दात आवळत म्हणालास, ‘थँक यू, मिसेस वॉग.’ सगळं अंगण हसलं. ती पण हसली. म्हणजे तेव्हा मला तसं दिसलं.

आम्हीही काही संत नव्हतो. तुला आम्ही कांगारू म्हणायचो, तोंडावर आणि पाठीमागे. पण कांगारू म्हटलं म्हणून तुला कधी कुणी दुकानातून हाकललं नाही. हा हिशेब मी तेव्हा केला नाही.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. लीना पाच वर्षांची झाली, शाळेत गेली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. जे येत होतं ते बरंचसं तुझ्याकडूनच आलेलं. पहिल्या दिवशी बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, तुझं नाव काय, तू कोण. पोरं म्हणाली, मी शेतकऱ्याची, मी पोस्टमास्तरचा. आपली लीना उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘मी वॉग. केव्ह काका म्हणतो, अख्ख्या रेड क्लिफ्समधली एक नंबरची वॉग.’ तिला वाटत होतं ते आपलं आडनाव आहे, केव्ह. लाडका काका दारात आला की आपल्या सगळ्यांना त्याच नावानं हाक मारतो, मग आडनावच असणार. दुसरं काय वाटेल लेकराला? अशी चूक आमच्याच घरातलं पोर करणार.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वाईट नव्हत्या त्या. शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून लीनाला पुन्हा म्हणायला लावलं आणि लीना पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्यानं. त्या दिवसापासून सात वर्षं शाळेत तिला दुसरं नाव नव्हतं. तिच्या बाकावर कोरलेलं, डब्यावर लिहिलेलं, एकदा तर केसांत च्युइंगगम चिकटवून वर ते ओरडलेलं. पहिल्या आठवड्यातच तिनं मला विचारलं, ‘पापा, केव्ह काका आपल्यावर रागावलाय का?’ मी म्हटलं, नाही गं.

त्या मार्चमध्ये तू आलास. ‘काय रे वॉग्ज!’ लीना टेबलाखाली तुळशीची पानं निवडत बसली होती, प्रत्येक बाटलीत एक घालायला. ती उठली, पानं टेबलावर ठेवली आणि घरात निघून गेली. तू विचारलंस, ‘माझी पोरगी कुठाय?’ मी म्हणालो, ‘लीनाला ताप आहे.’ तू स्वतः जाऊन तिच्यासाठी बर्फाचा लेमनेड आणलास. अस्सुंता माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी परत ताप. मग परीक्षा. मग पर्थला नोकरी. चाळीस वर्षांहून जास्त झाली, तो ताप काही उतरला नाही. तू मात्र दर वर्षी विचारलंस, अगदी डोकं धुकट व्हायला लागलं तेव्हासुद्धा.

मी का बोललो नाही? वाटलं, तू लाजेनं पुन्हा यायचाच नाहीस. ज्यानं माझ्यासाठी दात पाडला त्याला कसं सांगू, की बाबा रे, तुझा प्रेमाचा शब्द माझ्या पोरीच्या गळ्यात घंटेसारखा बांधला गेलाय? तुला वाईट वाटू नये म्हणून मी पोरीला वाईट वाटू दिलं. भेकड होतो मी. दुसरं नाव नाही त्याला.

अस्सुंताच्या शेवटच्या आठवड्यात तिनं तुझा विषय काढला. ती फार बोलत नव्हती तेव्हा. म्हणाली, ‘केव्ह चांगला माणूस आहे. त्याची ताटली मी नेहमी पहिली भरली.’ मग म्हणाली, ‘पण पन्नास वर्षांत एकदा तरी मला माझ्या नावानं हाक मारायला हवी होती.’ बस्स, एवढंच. लीना पलीकडे खिडकीशी उभी होती. तिनं मान वळवली नाही. दफनानंतर मी तुझ्याकडे आलो नाही त्याचं कारण हे. मला माहीत होतं, मी दारात दिसलो की तू ती हाक मारणार, आणि तेव्हा मी काय करीन ते मला ठाऊक नव्हतं. कदाचित हसलो असतो. त्याचीच भीती वाटली.

शेरिलकडून कळलं, तू तिला ती हाक जुलैपासून मारायला लागलास. त्याआधी कधी नाही. नेहमी दुपारी बाराला, ताट आलं की. केव्ह, जुलैपर्यंत रोज बाराला कोण यायचं तुझ्याकडे? डबा घेऊन कोण यायचं?

आता या पत्राचं खरं कारण. बुधवारी जेवणाआधी तिथे टपाल वाचून दाखवतात, आणि केव्हिन डूलनचं टपाल मेरेओनीबाई, तुम्ही वाचता. तक्रार केल्यावरही ते काम तुम्ही सोडलं नाहीत, असं शेरिल म्हणाली. म्हणजे आत्ता हे तुम्हीच वाचताय, त्याच्या शेजारी बसून. मेट्रनला चार ओळी लिहून तुम्हाला खोटं पाडण्यापेक्षा मला हे बरं वाटलं. तुम्हाला न विचारता तुमच्या तोंडी हे सगळं घातलं, त्याची माफी मागतो. तो तुम्हाला हाक मारत नाही, मला मारतो. पण कानात शिरते ती तुमच्या, आणि ‘गमतीचा शब्द आहे’ असं मी कुठल्या तोंडानं सांगू? गंमत होती, मैत्री होती, आणि माझ्या पोरीचं बालपण त्यातच गेलं. तिन्ही खरं. जे मी चाळीस वर्षांपूर्वी अंगणात त्याला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, म्हणून तो शब्द तुमच्यापर्यंत पोचला. शुक्रवारी तुम्ही जे म्हणाल ते म्हणा, मी विरोधात एक अक्षर बोलणार नाही. फक्त गुरुवारपासून मी रोज पावणेबाराला येतोय. अस्सुंतानं भरलेल्या दोन बाटल्या उरल्यात, त्यातली एक आणतो. तो ती हाक मारील तेव्हा उत्तर द्यायला मी तिथे असेन. त्याला म्हणेन, रोक्को म्हण. तो विसरेल. उद्या परत म्हणेन. तेवढं आता कागद खाली ठेवून, त्याचा व्रण असलेला हात हातात घेऊन, त्याला सांगाल का, की लीनाला ताप नव्हता?

तुझाच,
रोक्को
अस्सुंताचा नवरा, लीनाचा बाप