रेजाँकाका येतील, त्यांच्याशी भांडा

फोर्ट मॅकमरे, ७ जून १९९८

प्रिय बाबा,

तुमच्या दोन्ही गालांवर सोलांजचे पापे.

मी मजेत आहे. खाणीच्या मेसमधलं काम जमतंय, हातावरचा चटकाही बरा होत आलाय. तुमचा गुडघा काय म्हणतो? गोळ्या घेता ना?

काल जेवताना वेस आणि डगने मेस डोक्यावर घेतली. वेस एडमंटनचा, डग कॅलगरीचा. आइस हॉकीच्या यंदाच्या निवडीत कोणाच्या संघाने कुठला नवा पोरगा उचलावा, यावरून जुंपली होती.

"तुम्हाला हवाय तो बचावपटू बर्फावर खटाऱ्यासारखा वळतो!" डग ओरडला.

वेस हसला आणि मला म्हणाला, "पूर्वी या कॅलगरीवाल्याला मी मीठसुद्धा दिलं नसतं. आता याच्याच गाडीतून कामावर येतो. त्या वैरात आता दम नाही राहिला."

मला तुम्ही आणि रेजाँकाका आठवलात. ते मॉन्ट्रियलच्या संघाचे, तुम्ही आपल्या क्युबेक शहराच्या. प्रत्येक सामन्यानंतर फोनवर केवढे भांडायचात! आपला संघ विकला जाऊन दुसऱ्या शहरात गेला आणि तो फोनही बंद पडला.

म्हणून काल मीच काकांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, तुझ्या बापाचा संघच गेला. आता कुठल्या तोंडाने चिडवू? गप्प बसलो, तो बसलोच." मग हळूच विचारलं, "एकटाच जेवतो का गं तो?"

बाबा, निवडीच्या दिवशी ते तुमच्याकडे टीव्ही बघायला येतायत. मॉन्ट्रियल ज्याला घेईल त्याला भरपूर नावं ठेवा. शहाण्यासारखं "छान पोरगा आहे" म्हणालात, तर बिचारे टोपी काढायच्या आधीच परत जातील.

तुमची लाडकी,
सोलांज