गोपालच्या पिशवीतली हातोडी

डिंडोली, सुरत
ता. २ एप्रिल १९९६

चि. पूजाला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सुषमाकाकूनं दोनदा वाचून दाखवलं. माझे गुडघे कसे आहेत हे दोन्ही वेळा त्यात सापडलं नाही. हातोडी, छिन्नी, ब्रश यांची चौकशी मात्र भरपूर. विसरभोळी तू पहिल्यापासून. दिवाळीला आलीस तेव्हाची तुझी एक चप्पल अजून माझ्या पलंगाखाली आहे. जळगावात कॉलेजला लंगडी घालत जातेस का?

मी अहिराणीत बोलते आणि सुषमा ते शाळेतल्या बाईसारखं कागदावर उतरवते. त्यामुळे पत्रातली आजी शिकलेली वाटेल. फसू नकोस.

तर अमावास्येला तुमचे सर तुम्हाला घोघ्याच्या समुद्रावर नेणार, दगड झालेले शिंपले आणि हाडं शोधायला. आणि तू लिहितेस, बाबांची हत्यारं तिकडे पडूनच आहेत, तीच पाठव. 'पडूनच' हा शब्द मी सुषमाला पुन्हा वाचायला लावला.

आधी ठरवलं, नवीनच घेऊन द्यावी. सुषमाला घेऊन पर्वत पाटियाच्या बाजारात गेले. दुकानदारानं हातोड्यांची रांग मांडली. मी एकेक उचलून त्याच्या ओट्यावर ठोकून पाहिली, तसा तो घाबरून म्हणाला, "बा, शुं तोडवानुं छे?" मी म्हटलं, तोडायचं काही नाही, दगडातून शिंपला काढायचाय, शिंपला न फुटता. त्यानं सुषमाकडे पाहिलं. सुषमानं रस्त्याकडे पाहिलं. जड हातोडीनं शिंपल्याचा भुगा झाला असता, हलकीचा दांडा पहिल्याच दगडाला निसटला असता. एकही हातात बसेना. रिकाम्या हातानं घरी आले.

मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.

तुझे बाबा लूमचे फिटर होते, हे तुला ठाऊक आहे. पण फिटरच्या पिशवीची रीत तुला कुणी सांगितली नसेल. तिला दुसऱ्याचा हात लागत नाही. माणूस गावाला जावो, आजारी पडो, पिशवी खुंटीला तशीच. तो येईल आणि तोच काढेल. त्यांच्या खात्यात, लूमच्या कारखान्यात, कुणी कुणाचा साधा पाना उचलला तरी भांडण व्हायचं. पिशवी दुसऱ्याच्या हातात देतात ती एकदाच, माणूस परत यायचा नाही हे मानलं की.

म्हणून मी ती कुणाला दिली नाही. तुझा काका मागून थकला. पेटी उघडायची मी फक्त अमावास्या-पुनवेला, फडक्यानं पुसायला. त्या दिवशी हातोडीचा दांडा ओला असतो, पूजा. सगळा नाही. मूठ बसते तिथंच, जणू कुणी आत्ता धरून खाली ठेवली. फडकं जिभेला लावलं तर खारट. सुषमा म्हणते, दांड्याला समुद्राचं मीठ लागलंय, ते हवेतलं पाणी ओढतं. असेल. मग मिठाला तिथी कशी कळते? हेही तिलाच लिहायला लावलंय.

काय झालं ते तुझी आई सांगत नाही आणि मी विषय बदलते, म्हणून तू विचारायचं सोडलंस. आता तिथंच चाललीस, तर ऐक.

भावनगरला नवीन लूम बसवायला तुझा बाप गोपाल आणि त्याच्या खात्यातला जोडीदार भगवान गेले होते. सुट्टीच्या दिवशी दोघं घोघ्याला फिरायला गेले, पिशवी गोपालच्या खांद्याला होतीच. पाणी खूप आत गेलेलं. दगडात शिंपले दिसले, तसा तुझा बाप तुझ्यासाठी काढायला बसला. एक निघाला. तोच तो, माझ्या लोणच्याच्या बरणीवरचा. दुसरा ठोकून सैल झाला होता, आता हातानंच निघत होता. पहिला शिंपला आणि हत्यारं पिशवीत टाकून ती भगवानकडे दिली आणि म्हणाला, तू काठाला चल, मी आलोच.

आम्ही तापीकाठची माणसं. नदीच्या वाळूत डांगरं लावणारी. आमच्याकडे पूर येतो तो समोरून, वरच्या अंगानं, आवाज करत. गोपाल समोर समुद्राकडे बघत राहिला. पाणी त्याच्या पाठीमागून, खाडीतून आलं, आवाज न करता. भगवान ओरडला तेव्हा दोघांच्या मध्ये गाळ आणि पाणी होतं. गोपालनं हात वर केला. ये म्हणाला की जा म्हणाला, हे भगवानला आजही सांगता येत नाही.

ओहोटीला माणसं शोधायला गेली. गाळातून एक चप्पल निघाली. बाकी काही नाही.

सुषमा थांबलीय. लिही म्हटलं.

तुझ्या सरांना माझा एक प्रश्न विचार. माणसाच्या हाडाचा दगड व्हायला किती वर्षं लागतात? आणि तिथल्या गाळात काही वेगळं दिसलं, तर त्यावर हातोडी मारू नकोस. ब्रशनं पूस आणि हात जोड.

आता हत्यारं. मी निवडून ठेवलीत. हातोडी बापाचीच ने, एका बाजूनं चपटी, दुसऱ्या बाजूनं निमुळती. छिन्नी जाडी ने, बारकी लोखंड कापायची आहे. लूमवरची लव झटकायचा ब्रश मऊ आहे, शिंपल्याला चालेल. गुंडाळायला साडीच्या चिंध्या घातल्यात. एक शिट्टीही घातलीय, ती गळ्यात राहू दे. चप्पल घालू नकोस, घट्ट लेसचे बूट घाल. अमावास्येला पाणी फार लांब जातं म्हणून सरांनी तो दिवस धरला, बरोबर आहे. लांब गेलेलं पाणी घाईनं परत येतं, हेही त्यांना माहीत असेल. तरी तू दर थोड्या वेळानं मागे वळून बघ. दगड हातात असला तरी बघ. शिंपला अर्धा निघाला असला तर सोडून ये.

गाडी सुरतेला थांबेल तेव्हा भगवान पिशवी घेऊन स्टेशनावर उभा असेल. त्यानं आणली, त्यानंच द्यावी. काल हे सांगितलं तेव्हा त्यानं कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "माय, म्हणजे तू मानलं?" मी म्हटलं, चहा पी, गार होतोय.

तुझ्या आईला सांग, कुंकू तिचं आहे, ते तिनं ठेवावं. माझ्याकडे जे राहिलंय ते मी करते.

मागे वळून बघणाऱ्या पूजाची,
आजी (अंगठा)

ता. क. आखाजीला आपल्यात गेलेल्या प्रत्येकाच्या नावाची घागर भरून वर डांगर ठेवतात. सुषमा अक्षय्य तृतीया आणि खरबूज लिहीत होती, मी दोन्ही खोडायला लावलं. दरवर्षी आजोबांच्या घागरीसाठी तू एक पाठवतेस. यंदा स्टेशनावर भगवानच्या हातात दोन दे. तापीच्या वाळूतलीच. दुसरं जरा गोड बघून घे.