उजव्या बाहीची गाठ

सोमवार, मोठ्या उपासाला सतरा दिवस उरले

दोन पत्रं लिहिली मी. स्वतःच्या हाताने, चार ओळींना अर्धा अर्धा दिवस घालवून. दोन्हींची उत्तरं आली ती तुझ्या सुनेची. "सासूबाई विचारतात, माफी कशाची? मोघम माफी त्या देत नाहीत." तुझ्या हाताला काय लकवा भरलाय?

धाकटे, आशीर्वाद. मी बरी आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. सुई नात ओवून देते. टाका अजून माझाच.

तुझं दुसरं 'नाही' घेऊन आपल्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेले. म्हटलं, देवाचं चुकलं तर उपासाच्या दिवशी देव माफ करतो, माणसाचं माणसाकडेच मागावं लागतं, खरं ना? आणि तीनदा मागूनही बहीण नाही म्हणाली तर पाप तिच्या माथी. माझं दोनदा मागून झालंय. ते म्हणाले, "आजी, पत्रात लिहिलंत काय?" म्हटलं, 'काही चुकलं असेल तर माफ कर.' हसले. "मग तुम्ही अजून एकदाही मागितली नाहीत." शिकलेल्या माणसाच्या तोंडी लागू नये.

तर हे मागणं पहिलंच धर.

आईचं कफन शिवत होतो, प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत, तू, मी आणि मोठी काकू. एकतीस वर्षं झाली. आपल्या यहुद्यांत कफनाच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, जाणाऱ्याला काही अडकू नये म्हणून. काकूने बाहीवरून बोट फिरवलं आणि थांबली. "ही गाठ कुणाची?" तू रडत होतीस. मी म्हटलं, "धाकटीचं लक्ष नाहीये आज." तू माझ्याकडे पाहिलंस, सुई ठेवलीस आणि गेलीस. त्या खोलीत परत पाऊल टाकलं नाहीस.

ती उजवी बाही होती. उजवी माझ्याकडे होती. तुला माहीत होतं, तरी काकूला बोलली नाहीस.

दिवसभर कारखान्यात शर्टांना बटणं लावायचे मी. दोरा बोटावर फिरला की गाठ आपोआप बसायची. पण माझ्या हातून, आणि आईच्या कफनात? वस्तीत माझ्यासारखा टाका कुणाचा नव्हता, आजही नाही, हे मी मरतानाही म्हणेन. म्हणूनच त्या दिवशी तोंड उघडलं नाही. उघडलं ते तुझ्यावर ढकलायला.

परवा शनिवारी प्रार्थनेनंतर शिवणाऱ्या सगळ्या बायकांपुढे सांगितलं. उभी राहून, मान वर ठेवून. एकीचा चहा हातातच गार झाला. काकू वर गेलीय, तिला तिथे गाठून सांगेन.

माझ्या कफनाचं कापड कापून ठेवलंय. इथल्या पोरींचे टाके म्हणजे चिखलातून गेलेली कोंबडी. ते घालून मी आईसमोर उभी राहायची नाही. तुझा टाका माझ्या खालोखाल आहे. तू शिव. उजवी बाही दोनदा तपास.

माफी नसेल तर मात्र येऊ नकोस. आधी माफी, मग सुई.

गाठ जिची, ती
तुझी थोरली

ता. क. सुनेला सांग, अक्षर मोत्यासारखं आहे तिचं. पण या पत्राला तिने हात लावायचा नाही. उत्तर तू लिहायचंस. एकच शब्द असू दे, वाकडा असू दे, तुझ्या हातचा.