दोरी केवढी कापू

रेथिम्नोजवळ, क्रीट
३ जून

प्रिय बाबा,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. आईचा गुडघा आता कमी दुखतो हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. पुलाचं काम वेळेवर चाललं आहे.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सुट्टीसाठी इथला व्हिला भाड्याने कसा निवडायचा, आणि माझं कंत्राट नक्की कधी संपतं; म्हणजे सप्टेंबरअखेर परतताना माझंही तिकीट तुमच्याबरोबर काढता येईल. आधी व्हिलाचं लिहिते.

जाहिरातीतले फोटो खोटे नसतात, अर्धे असतात. तुम्ही आयुष्यभर लोकांची घरं बांधलीत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय आहे ते विचारा. मालकाशी फोनवर बोला आणि रस्त्यापासून दारापर्यंतचा फोटो मागा. इथली घरं उतारावर असतात. पोहण्याचा तलाव खाली, निजायच्या खोल्या वर, मधे कठडा नसलेला दगडी जिना. आईला ते जमणार नाही. ‘समुद्र दहा मिनिटांवर’ यालाही भुलू नका. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या आर्गिरोबाई अशीच एक जाहिरात बघून म्हणाल्या, “दहा मिनिटं? शेळीला लागतात तेवढी. तीही उतरताना!”

जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नका. सगळे पैसे आगाऊ, तेही कुणाच्या खासगी खात्यात, भरू नका. पाणी गावच्या नळाचं की टँकरचं, ते विचारा. आणि संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या सकाळीच भांडण होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेजारच्या घरांच्या गच्चीचा फोटो मागा. खांबांच्या सळया वर आलेल्या दिसल्या तर ते सोडून दिलेलं काम समजू नका. मुलाबाळांच्या मजल्यासाठी इथे सळया तशाच ठेवतात, वर्षानुवर्षं. काम कधी निघेल याचा नेम नसतो, आणि निघालं की सकाळीच तुमच्या उशाशी काँक्रीटचा पंप.

मी एक घर पाहून ठेवलं आहे. तळमजला, दाराशी एकच पायरी, न्हाणीघरात धरायला दांडा. आर्गिरोबाईंच्या चुलत बहिणीचं आहे. मात्र सप्टेंबरअखेर नको, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा घ्या. तोवर वारा पडलेला असतो, पाणी अजून उबदार असतं आणि भाडंही उतरतं.

त्यात एक दोष आहे. त्याच आठवड्यात शेजारच्या घरावर स्लॅब टाकणार आहेत. मला नक्की ठाऊक आहे, कारण नकाशे मी काढले आहेत.

शेजारचं घर आर्गिरोबाईंचं, म्हणजे मी राहते तेच. सळया त्यांच्या मुलासाठी ठेवलेल्या, झाहारिससाठी. तो गावचा तेलाचा घाणा चालवतो. नाताळच्या फोनवर मी त्याच्याविषयी थोडं बोलले होते. थोडंच.

जुन्या सळया गंजल्या होत्या. खराब भाग काढून मी नव्या जोडायला लावल्या. मिस्त्री सिफिसने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. “पोरी, घर आहे की पूल? एवढ्या सळया कुणाला पेलायला?”

आर्गिरोबाई खालून ओरडल्या, “तुला! वर तूच उभा राहणार आहेस ना?”

तो उभा राहतो ते असं. स्लॅब टाकून झाला की वरच्या सळयांना दोरी बांधतात. दोन्हीकडचे नातेवाईक कामगारांसाठी तिच्यावर एकेक नवा शर्ट टाकतात, आणि मिस्त्री वरून देणाऱ्याचं नाव साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारतो.

परवा शेंगा निवडता निवडता आर्गिरोबाईंनी विचारलं, “तुझ्याकडचे कोण कोण?”

“बघते,” मी म्हटलं.

“त्यात बघायचं काय? मला दोरी कापायची आहे. केवढी कापू, ते सांग.”

मी उरलेल्या शेंगा निवडल्या.

बाबा, तुम्ही लिहिलं आहे की माझी खोली तशीच ठेवली आहे, ड्रॉइंगचं टेबलही हलवलेलं नाही. खोली आईला शिवणाच्या मशीनसाठी द्या; खाली तिला उजेड पुरत नाही. टेबल मला हवं आहे, पण इथे. त्याचे पाय सुटतात, तुम्हीच बसवले आहेत. नव्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीखाली त्याची जागा सोडली आहे. खिडकीची रुंदी मी त्या टेबलावरूनच ठरवली.

कंत्राट सप्टेंबरअखेर संपतं. त्यानंतर मी रेथिम्नोतल्या एका इंजिनियरच्या कार्यालयात काम करणार आहे. मी इथे सुखात आहे. हे वाक्य दोनदा खोडलं, पण दुसरं कुठलं बरोबर बसेना.

येताना एक शर्ट आणा. मापाची काळजी नको, सिफिस तुमच्याच अंगाचा आहे. ‘क्लिफर्ड ओल्ड्रॉइड’ हे तुमचं नाव मी त्याच्याकडून रोज घोकून घेते आहे. सध्या गाडी ‘क्लिफोर्दोस’पर्यंत आली आहे. तो फार मोठ्याने पुकारतो. तेव्हा आईने कानांवर हात ठेवले तरी तुम्ही ठेवू नका.

तिकिटं येतानाची दोन काढा. परतीचीही दोनच.

दोरी लांब कापा, असं आत्ताच खाली जाऊन सांगून आले आहे.

वाट पाहणारी,
तुमची हेझल