शेवटची दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, सकाळ

घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही अशा माझ्या तमाम बंधूंनो! जन्मभर आपण वाचलं, विचार केला, सभा गाजवल्या. आणि आज आपल्याच घरातला सोफा कुणाच्या ताब्यात आहे? लांब कोटातल्या एका कोरियन पोराच्या. तो काय करतो? छत्री धरतो. झालं त्याचं कर्तृत्व. आणि त्याच्यासाठी आपल्या बायकांचे डोळे भरून येतात. आपण परिषदा घेतल्या तेव्हा कुणाचे डोळे भरले होते?

सुरुवात जमली. रोजनिशीतसुद्धा सभा भरवायची सवय काही जात नाही. जाऊही नये.

निमित्त: संपादकांचा फोन. शनिवारच्या पुरवणीत कोरियन प्रेममालिकांचं परीक्षण हवंय. म्हणालो, परीक्षण नाही, शवविच्छेदन करीन. म्हणाले, काहीही करा, आठशे शब्दांत करा.

हिला सांगितलं. 'छान' म्हणाली. हिची केमो चालू आहे. दर गुरुवारी हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये जाते, दिवस तिथेच जातो. तिथल्या बायका मिळून अशीच एक मालिका बघतात म्हणे. तीच घ्यावी परीक्षणाला. तब्येतीचं विचारलं तर डॉक्टर 'बघू' म्हणतात. म्हणजे ठीकच असणार. वाईट असतं तर स्पष्ट बोलले असते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्वतः हिच्याबरोबर गेलो. एरवी मुलगी नेते.

मोठी खोली, मागे झुकणाऱ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक बाई, प्रत्येकीच्या हाताला सलाईन. शेजारी नातेवाइकासाठी एकेक स्टूल. हिच्या स्टुलावर हिची पिशवी होती: शाल, बाटली, उलटी आली तर लागणारे कागद. पिशवी उचलून हिने स्वतःच्या मांडीवर घेतली. 'बसा' म्हणाली. बसलो. स्टुलाला पाठ नाही. ज्याने ते बनवलं त्याला कंबर नसावी.

ट्रॉलीवर एक टॅब ठेवून सगळ्याजणी ती मालिका बघतात. कथा अशी: एक मुलगी लाँड्री चालवते. बड्या हॉटेलवाल्याचा मुलगा तिच्याकडे कोट धुवायला टाकतो आणि न्यायला येत नाही. नऊ भाग झाले, कोट हँगरवरच. मला राहवलं नाही. उठून दारापाशी उभा राहिलो आणि 'भगिनींनो' म्हणून सुरुवात केली. श्रीमंताच्या पोराच्या प्रेमात पडायला लावणं हे कसं बाजाराचं कारस्थान आहे, ते मांडत होतो.

तिथे एक कंडक्टरबाई आहेत. हयात बसमध्ये गेली. डोक्याला रुमाल, अंगात काही उरलेलं नाही, पण आवाज शाबूत. त्या म्हणाल्या, "भाऊ, दारात गर्दी करू नका, आत सरका."

सगळ्या हसल्या. हीसुद्धा. हिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. माझ्या उपस्थितीचा परिणाम. मग नर्सने मला बाहेर काढलं.

निर्णय: यापुढे मुलीनेच न्यावं. मी घरी शांतपणे तीच मालिका बघेन. दोघं एकच गोष्ट बघतोय म्हणजे एका अर्थी बरोबरच आहोत.

८ फेब्रुवारी, दुपार

दुप्पट वेगाने बघतो आहे. खाली इंग्रजी अक्षरं पळतात. अर्धी सुटतात. बिघडत नाही, भावार्थ पोचतो. भावार्थ एवढासाच आहे.

तक्रार नोंदवून ठेवतो. लाँड्रीवाली आजारी पडते. कोटवाला तिच्या खाटेशेजारी बसतो. सलग तीन भाग बसतो! याला काम नाही? वाचन नाही? मीटिंगा नाहीत? बरं, बसतो तर काही बोलेल! एक शब्द नाही. तिचा हात धरून नुसता बसून असतो. संवाद लिहिणाऱ्याला पगार कसला देतात?

परीक्षणासाठी वाक्य: 'हा नायक वास्तवात असूच शकत नाही.'

१२ फेब्रुवारी

ही परत आली ती बोलायच्या मूडमध्ये होती. हल्ली गुरुवारी तेवढी बोलते. त्या बायकांचा एक नियम आहे म्हणे. मालिका घरी बघायची नाही. वॉर्डातच, सगळ्यांनी मिळून. आणि दर वेळी शेवटची दहा मिनिटं राखून टॅब बंद करायचा. उरलेलं पुढच्या गुरुवारी.

विचारलं, हे कशासाठी? म्हणाली, म्हणजे सगळ्यांना परत यावं लागतं.

नियम कंडक्टरबाईंनी काढला. मधेच कुणी उतरायचं नाही, असं त्या म्हणतात.

अंधश्रद्धा! शुद्ध, निखळ अंधश्रद्धा. जिच्याविरुद्ध मी गावोगाव घसा फोडला ती माझ्याच घरात सलाईन लावून बसलेली. हिला शांतपणे समजावलं की शरीराचा आणि मालिकेचा कार्यकारणभाव नसतो. हिने ऐकून घेतलं. मग विचारलं, पुढच्या गुरुवारी याल का? कंबरेचं सांगितलं, आणि लेखाचं. 'बरं' म्हणाली. हिचा समजूतदारपणा हा माझ्या सार्वजनिक जीवनाचा मोठाच आधार आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रंथालयात व्याख्यान. विषय: 'कुटुंबातला हरवलेला संवाद'. उत्तम झालं. टाळ्या दोनदा. पुढच्या रांगेत एक गृहस्थ झोपले होते, पण ते आधीपासूनच झोपले होते.

बाहेर आल्यावर फोन बघितला. मुलीचे बरेच कॉल. हिला वॉर्डात उलट्यांचा फार त्रास झाला, मुलगी औषधं आणायला खाली गेलेली, तेवढा वेळ डोकं धरायला कंडक्टरबाई स्वतःची सलाईन ओढत आल्या. मला घ्यायला मुलगी गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर ही डोळे मिटून. व्याख्यान कसं झालं ते मी थोडक्यात सांगितलं. मुलगी घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. विचारात पडली असावी.

संकल्प: पुढच्या गुरुवारी नक्की जायचं. स्टुलावर उशी न्यायची.

२५ फेब्रुवारी

आज शेवटचा भाग. कोटवाला रस्ता ओलांडतो. ट्रक. कोरियात ट्रक याच कामासाठी बनवतात बहुतेक. बर्फ, रक्त, अंगावर दुसराच पांढरा कोट. लाँड्रीवाली धावत येते. अँब्युलन्स. डॉक्टर मान हलवतो. गाणं सुरू.

इथे बंद केलं. पुढे दहा मिनिटं रडारड असणार, हे कळायला ती बघावी लागत नाही. एवढी पुस्तकं पालथी घातल्यावर माणसाला शेवटचं पान वाचायची गरज उरत नाही.

बसल्या बैठकीला लेख लिहून पाठवला. मथळाही मीच दिला: 'शेवटी तो मरतो'. त्यात त्या वॉर्डातल्या बायकांचा उल्लेख, नाव न घेता. सत्याला घाबरून दहा मिनिटं राखून ठेवणाऱ्या मनांना माझं आवाहन आहे की शेवटाकडे डोळे उघडून बघा. परिच्छेद जळजळीत झालाय. संपादक 'चालेल' म्हणाले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उशी मिळाली नाही. गेलो नाही.

ही आली ती गालांवर रंग घेऊन. आज ट्रकपर्यंत बघितलं आणि नेमकी दहा मिनिटं राहिली. वॉर्डात म्हणे दोन पक्ष पडले. नर्ससुद्धा एका पक्षात. कंडक्टरबाई म्हणाल्या, तो उठणार, मी शेवटच्या स्टॉपचं तिकीट फाडलंय. ही त्यांच्याच पक्षात. जेवतानाही तेच. दोन घास जास्त गेले हिला.

मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बघितलं असेल तर सांगू नका हं."

शब्द दिला. शब्द पाळला. लेख आधीच गेला होता, तो भाग वेगळा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेख आला. फोटो जुना लावलाय, बरा दिसतो. दिवसभरात दोन फोन. त्यातला एक चुकून लागलेला.

पुरवणी हिच्या उशाशी ठेवली होती, वाचल्यावर काही म्हणेल म्हणून. थोड्या वेळाने बघितलं तर घडी घालून चहाच्या कपाखाली. काही म्हणाली नाही. चांगल्या लेखनाने माणूस अंतर्मुख होतो.

३ मार्च

कंडक्टरबाई गेल्या. रविवारी. त्यांच्या सुनेचा फोन हिला आज आला. बराच वेळ चालला. ही फक्त 'हं' म्हणत होती.

नंतर हिने सांगितलं. शनिवारपासूनच त्यांचं अवघड झालं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं. सुनेला म्हणाल्या, पेपर वाच काहीतरी. बिचारीला काय ठाऊक? तिने पुरवणीत कोरियन मालिकेचं नाव बघितलं, आई हीच बघतात ना, म्हणून हौसेने तेच वाचलं. मथळ्यापासून. कंडक्टरबाई म्हणाल्या, राहू दे, बंद कर. मग कुशीवर वळल्या.

मी धीर द्यायचा प्रयत्न केला. म्हणालो, निदान त्यांना शेवट कळला. बाई अधांतरी गेल्या नाहीत.

हिने माझ्याकडे बघितलं.

"तिला शेवट नको होता," म्हणाली. "तिला गुरुवार हवा होता."

वाक्य चांगलं आहे. पुढच्या व्याख्यानात घ्यावं.

५ मार्च, गुरुवार

ही गेली नाही.

मुलगी गाडी घेऊन आली, खाली हॉर्न वाजवून वर आली. ही कपडे बदलून तयार होती, पिशवीही भरलेली. पण सोफ्यावरून उठेना. आता कंटाळा आला म्हणाली. काय राहिलंय तिथे.

पुढचं सगळं माझ्यावर आलं. सोफ्यासमोर उभा राहिलो आणि बोललो. इच्छाशक्ती, विज्ञान, देहाचं कर्तव्य, चार देशांचे दाखले. इतकं उत्कट मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. मधे हिने डोळे मिटले. एकाग्रता, असं मला वाटलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, जरा खाली बसा ना तिच्याजवळ."

तिला नेमका कोणता मुद्दा पटला नाही ते कळलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. एक गुरुवार चुकला तर चालवून घेऊ म्हणाले, दुसरा चुकू देऊ नका. या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत. स्पष्ट बोलले. माझ्या हातून पाण्याचा ग्लास पडला. ग्लास ओला असणार.

१० मार्च

हिचं खाणं सुटलंय. दोन चमचे, मग मान बाजूला. रोज नव्या मुद्द्यांनी बोलतो आहे. काल बोलता बोलता लक्षात आलं, मीच रडतो आहे. आवाज बसलाय, त्याने तसं होतं.

दुपारी वॉर्डातून फोन. आधी नर्स, मग एकेक करून सगळ्या बायका. ही ऐकत होती. शेवटी म्हणाली, बरं, येते गुरुवारी.

आलं! बोललेलं वाया जात नाही. आठवडाभर मुरलं आणि उगवलं. हिला म्हणालो, मीही येतो, आणि या वेळी उशीबिशी काही नको. हिने मान हलवली. होकार होता की नुसती मान, ते नीट कळलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

हिचा हात धरून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून वॉर्डापर्यंत. हात एवढा हलका झालाय हे माहीत नव्हतं.

कंडक्टरबाईंच्या खुर्चीत एक नवीन बाई होत्या. तिथे खुर्च्या रिकाम्या राहत नाहीत. मी 'नमस्कार' म्हणालो. एकीने डोक्याचा रुमाल सारखा केला. टॅब ट्रॉलीवर तयार होता. नर्सने मला सांगितलं की मागच्या गुरुवारी सगळ्या थांबल्या होत्या. ही आल्याशिवाय ती दहा मिनिटं लावायची नाहीत असं ठरलं होतं. शेवट माहीत झाला तरी बघायचा, कारण कंडक्टरबाईंचं तिकीट शेवटच्या स्टॉपचं होतं. हेच फोनवर सांगून त्यांनी हिला आणलं. माझ्या एकाही मुद्द्याचा त्यात उल्लेख नव्हता.

ही खुर्चीत टेकली. पिशवी तिने शेजारच्या स्टुलावर ठेवली. नर्सने सुई लावली. दुसऱ्यांदा लागली नीट. मी पिशवी उचलायला हात पुढे केला.

"राहू दे तिथे," ही म्हणाली. रागाने नाही. "हाताशी लागते मला."

मी उभा राहिलो. नर्स म्हणाली, आत उभं राहता येत नाही.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये काच आहे. तिथून बघितलं. आवाज नाही, अक्षरं दिसत नाहीत, बायकांच्या रुमाल बांधलेल्या डोक्यांमधून स्क्रीनचा एक तुकडा. पहिल्यांदाच साध्या वेगाने बघत होतो. रडारड नव्हतीच. लाँड्री. बर्फ वितळलेलं. ती मुलगी कपड्यांना इस्त्री करतेय. बराच वेळ फक्त इस्त्रीच. कोट हँगरवर. मग दार उघडलं. तो काठी टेकत आत आला. खिशातून लाँड्रीची मळकी पावती काढून त्याने काउंटरवर ठेवली.

तो मेला नव्हता.

वॉर्डात कुणी टाळी वाजवली नाही. हिने मान वळवून कंडक्टरबाईंच्या खुर्चीकडे बघितलं. मग काचेकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही. कुणीतरी टॅबवर दुसरी मालिका लावली. पहिला भाग. शेवटची दहा मिनिटं राखून बंद केला.

संध्याकाळी संपादकांचा फोन. एका वाचकाने चूक कळवली आहे, पुढच्या शनिवारी दुरुस्ती छापू म्हणाले, दोन ओळी. छापा म्हणालो. कंडक्टरबाईंना ती कोण वाचून दाखवणार?

ही आत झोपली आहे. मी दारातच थांबलो होतो. आत सरकलो नाही.

बंधूंनो, त्या सोफ्याचं जाऊ द्या. कोटवाल्या पोराचंही. तिच्या खुर्चीशेजारी एक स्टूल असतं. त्याला पाठ नसते. त्यावर तिची पिशवी असते. ती उचला, मांडीवर घ्या आणि बसा. काही बोलू नका. आजच बसा, 'राहू दे तिथे' असं ती म्हणायच्या आत.